स्विंगच्या फॉर्ममधला प्लेसहोल्डर डेटाबेसमध्ये जातो? वारंवार उगवणाऱ्या या चुकीचं मूळ आणि इलाज

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेसाठी मी प्रवेशनोंदणीचा छोटा डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिला आहे. जावा ८, स्विंग (जावाचा खिडक्या आणि फॉर्म बनवायचा संच), नेटबीन्स या संपादकात मांडलेला फॉर्म आणि मागे एसक्यूलाइट डेटाबेसची एकच फाइल. एमपीएससीची तयारी करणारी मुलं कागदी फॉर्म भरून देतात, काउंटरवरचे काका तो बघून संगणकावर चढवतात, सेव्ह दाबतात आणि लगेच ओळखपत्र छापून हातात देतात. एक दिवस एक मुलगी ओळखपत्र घेऊन परत आली. आपत्कालीन संपर्काच्या ओळीत छापलं होतं, ‘दुसऱ्या पालकांचे नाव’.

म्हणजे नाव नाहीच, रिकाम्या रकान्यात राखाडी अक्षरांत दिसणारी सूचनाच, म्हणजे प्लेसहोल्डर, कार्डावर गेली होती. अभ्यासिकेत मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात. कुणाला बरं वाटेनासं झालं तर काका हेच कार्ड बघून घरी फोन लावणार. त्यामुळे ही दिसण्यातली बारीक चूक म्हणून सोडून देता येत नव्हती. मी ती दुरुस्त केली, तर दोन महिन्यांत वेगळ्या रूपात परत आली. पुन्हा दुरुस्त केली, तर आणखी वाईट रूपात आली. तिसऱ्या वेळी मुळाशी गेलो. तुमच्या फॉर्ममध्ये असंच काही होत असेल तर तुमच्या दोन फेऱ्या वाचाव्यात म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

मूळ दुखणं

स्विंग १९९८ साली जावा १.२ बरोबर आलं. त्याच्या जेटेक्स्टफील्डला, म्हणजे एका ओळीचा मजकूर लिहायच्या रकान्याला, प्लेसहोल्डरची सोय तेव्हा नव्हती आणि आजही नाही. वेबवर एक अ‍ॅट्रिब्यूट लिहिलं की काम होतं, इथे ते आपणच करायचं असतं. मग बहुतेक जण, मीसुद्धा, एकच युक्ती करतो. सुरुवातीला सेटटेक्स्टने फील्डमध्ये सूचना भरायची आणि रंग राखाडी करायचा. फोकसलिसनर, म्हणजे कर्सर रकान्यात आला किंवा गेला (फोकस) की चालणारा कोड, लावायचा. फोकस आला की आतला मजकूर सूचनेइतकाच आहे का बघायचं, असेल तर फील्ड रिकामं करून रंग काळा करायचा. फोकस गेला आणि फील्ड रिकामं असेल तर सूचना परत भरायची. सेव्ह करताना गेटटेक्स्टने मजकूर घ्यायचा आणि तो सूचनेइतकाच असेल तर रिकामा समजायचा.

पडद्यावर हे अगदी बरोबर दिसतं. पण यात सूचना आणि खरी माहिती एकाच डब्यात बसतात. फील्डच्या डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे त्याचा मजकूर जिथे साठतो तिथे, सूचना हा इतर कुठल्याही मजकुरासारखाच मजकूर असतो. वेगळेपण फक्त रंगात आहे, आणि डेटाबेसला रंग कळत नाही. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं या एकाच गोष्टीतून आलं.

सारखे दिसणारे दोन शब्द

कार्डावरची चूक मला आधी पकडताच येईना, कारण ती कधी व्हायची, कधी नाही. माझ्या लॅपटॉपवर मी दहा नोंदी केल्या, दहाही बरोबर. काकांकडे मात्र चारातली एखादी बिघडायची.

खरं तर काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “अरे, या रकान्यातलं आपोआप जात नाही रे, मला पुसावं लागतं.” मला वाटलं माऊस नीट लागत नसेल. तिथेच उत्तर होतं आणि मी ते ऐकलं नाही.

फॉर्मची मांडणी माझ्या मित्राने केली होती. नेटबीन्सच्या प्रॉपर्टीजमध्ये त्या फील्डचा सुरुवातीचा मजकूर त्याने फोनेटिक कीबोर्डने टाइप केला होता. फोकसलिसनरमध्ये ताडून बघायचा मजकूर मी कोडमध्ये इनस्क्रिप्टने टाइप केला होता. दोन्ही ठिकाणी ‘दुसऱ्या पालकांचे नाव’ असंच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर होते.

कारण आपला डोळ्यातल्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्हींचा आकार तोच. पण पहिल्या पद्धतीने ‘दुसऱ्या’ या शब्दाची लांबी ७ भरते आणि दुसऱ्या पद्धतीने ८. इक्वल्सने ताडून बघितलं की उत्तर फॉल्स.

आता सगळा क्रम लागला. काकांनी त्या रकान्यात क्लिक केलं की मजकूर जुळायचा नाही, म्हणून सूचना जायची नाही. त्यांनी हाताने पुसून रकाना रिकामा सोडला तर फोकस जाताना माझा, कोडमधला मजकूर भरला जायचा, तो सेव्ह करताना बरोबर ओळखला जायचा आणि नोंद चोख. पण त्या रकान्याला हातच लावला नाही किंवा टॅब दाबत पुढे गेले, तर मित्राचा मजकूर तसाच राहायचा, तो ओळखला जायचा नाही आणि सरळ डेटाबेसमध्ये जायचा. मी चाचणी घेताना प्रत्येक रकान्यात काहीतरी करून बघत होतो, म्हणून मला चूक दिसत नव्हती.

तुम्हाला असा संशय असेल तर दोन्ही मजकुरांची लांबी छापून बघा. लांबी सारखी निघाली तर एकेका अक्षराचा क्रमांक छापा. डोळ्यांवर विसंबू नका. जावाचा नॉर्मलायझर (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणारा क्लास) वापरून हे दोन प्रकार एक होतील असंही धरू नका. तो जॉइनर नॉर्मलायझर काढत नाही, मी करून बघितलं आहे. मजकुराच्या शेवटी एखादी मोकळी जागा (स्पेस) राहिली तरी हेच होतं, फक्त ते शोधायला जरा सोपं.

मी दुरुस्ती काय केली, तर सूचना एका कॉन्स्टंटमध्ये ठेवली आणि सगळीकडे तोच वापरला. डिझायनरमधला मजकूर काढून टाकला. कार्डं नीट यायला लागली. मला वाटलं, संपलं.

पुण्याचा एकही विद्यार्थी नाही

दिवाळीच्या आधी काकांना बाहेरगावच्या मुलांची यादी हवी होती, सुट्टीत किती जागा रिकाम्या राहतील ते बघायला. मी मूळ गावानुसार यादी काढली. बीड, लातूर, नांदेड, सातारा, सांगली, सगळी गावं होती. पुणे नव्हतं. एकही नाही. गाव रिकामं असलेल्या नोंदी मात्र बऱ्याच.

‘मूळ गाव’ या रकान्याची सूचना मी ‘पुणे’ अशी ठेवली होती. उदाहरण म्हणून. पुण्याचा मुलगा आला की काका ‘पुणे’ टाइप करायचे. सेव्ह करताना प्रोग्रॅम बघायचा, मजकूर सूचनेइतकाच आहे, म्हणजे रकाना रिकामा आहे, आणि गाव टाकून द्यायचा. काकांच्या पडद्यावर काळ्या अक्षरांत ‘पुणे’ दिसत होतं, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

पहिल्या चुकीत सूचना माहिती म्हणून साठवली जात होती. या चुकीत खरी माहिती सूचना समजून फेकली जात होती. ही दुसरी मला जास्त लागली, कारण चुकीचं लिहिलेलं निदान दिसतं, न लिहिलेलं दिसत नाही. कॉन्स्टंट कितीही नेटका ठेवला तरी ही चूक जात नाही. माणूस जे टाइप करू शकतो ते सगळं खरं असू शकतं. सूचनेत ‘उदा.’ जोडलं की शक्यता कमी होते, शून्य होत नाही.

मग मजकूर ताडून बघणं सोडून मी प्रत्येक फील्डसोबत एक बूलियन, म्हणजे हो किंवा नाही एवढंच साठवणारा व्हेरिएबल, ठेवला, ‘आत्ता सूचना दिसते आहे का’. आणि हीच माझी सर्वांत वाईट दुरुस्ती ठरली. जुनी नोंद दुरुस्तीसाठी उघडली की दुसरीकडचा कोड सेटटेक्स्टने खरं नाव फील्डमध्ये भरायचा. पण बूलियन बदलायचं त्या कोडला माहीत नव्हतं, तो ‘सूचना दिसते आहे’ असाच राहायचा. काकांनी मोबाइल नंबर बदलायला नोंद उघडली, टॅब दाबत नावाच्या रकान्यातून गेले, की फोकस येताच नाव पुसलं जायचं. नावही राखाडी दिसायचं, त्यामुळे काकांना ते सूचनेसारखंच वाटायचं. नशिबाने नाव सक्तीचं होतं म्हणून सेव्ह अडलं आणि लगेच लक्षात आलं.

याच युक्तीतून निघणाऱ्या बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. तुमचं लक्षण यात असेल तर कारण तेच आहे. फॉर्म उघडताच पहिल्या रकान्यातली सूचना दिसतच नाही, कारण खिडकी उघडली की फोकस तिथेच जातो. ‘सगळे रकाने भरल्याशिवाय सेव्हचं बटण चालू करू नको’ असं डॉक्युमेंटलिसनर (मजकूर बदलला की चालणारा कोड) लावून केलं असेल तर बटण पहिल्यापासूनच चालू असतं. मोबाइलच्या रकान्याला फक्त आकडे घेणारा डॉक्युमेंटफिल्टर असेल तर तो सूचनेचीच अक्षरं नाकारतो. ‘फॉर्म साफ करा’ बटणाने सेटटेक्स्टने रिकामा मजकूर भरला की सूचना परत येत नाहीत, कारण त्या फील्डचा फोकस गेलेलाच नसतो. अंडूमॅनेजर लावला असेल तर कंट्रोल-झेड दाबताच सूचना मजकूर म्हणून परत येते. पासवर्डच्या फील्डमध्ये सूचनेऐवजी ठिपके दिसतात, मग लोक एकोकॅरॅक्टर (अक्षराऐवजी दिसणारा ठिपका) शून्य करतात, आणि तो परत लावायचा राहिला तर पासवर्ड उघडा पडतो.

या प्रत्येकाला वेगळं ठिगळ लावता येतं. मी तीन लावली. लावू नका.

इलाज: सूचना भरायची नाही, रंगवायची

सूचना डॉक्युमेंटमध्ये कधीच ठेवायची नाही. फील्ड रिकामं असताना त्याच्या पृष्ठभागावर ती फक्त रंगवायची. मग गेटटेक्स्ट नेहमी खरं सांगतो, फिल्टर, लिसनर, अंडू यांना सूचनेचा पत्ताच लागत नाही, आणि ‘पुणे’ हे फक्त पुणे राहतं.

त्यासाठी जेटेक्स्टफील्ड एक्सटेंड करून स्वतःचा क्लास करा. त्यात सूचनेसाठी एक स्ट्रिंग आणि तिचा सेटर, सेटरच्या शेवटी रिपेंट. मग पेंटकॉम्पोनंट ओव्हरराइड करा. त्यात पहिली ओळ सुपरच्या पेंटकॉम्पोनंटची, म्हणजे पार्श्वभूमी आणि मजकूर नेहमीसारखा रंगेल. मग तपासा, गेटडॉक्युमेंटची गेटलेंग्थ शून्य आहे का. नसेल तर तिथूनच परत. असेल तर मिळालेल्या ग्राफिक्सची क्रिएटने प्रत घ्या, रंग आणि फॉन्ट लावा, ड्रॉस्ट्रिंगने सूचना काढा आणि फायनलीमध्ये प्रत डिस्पोज करा. मूळ ग्राफिक्सवर रंग बदलून तसाच सोडलात तर त्याच्यानंतर रंगणाऱ्या गोष्टी बिघडू शकतात, म्हणून प्रत.

गेटटेक्स्टऐवजी लांबी का तपासायची? पासवर्डच्या फील्डलाही हाच कोड चालतो, आणि नुसतं रिकामं आहे का हे कळायला पासवर्डची स्ट्रिंग मेमरीत तयार करायची गरज राहत नाही.

जागा कुठली द्यायची यात बरेच जण अडकतात. डावीकडून २ आणि वरून १५ असे आकडे ठोकून दिले तर फॉन्ट बदलताच सूचना एका ओळीत आणि टाइप केलेला मजकूर दुसऱ्या ओळीत दिसतो. आडव्या जागेसाठी गेटइन्सेट्समधला लेफ्ट घ्या, त्यात बॉर्डर आणि मार्जिन दोन्ही धरलेले असतात. उभ्या जागेसाठी गेटबेसलाइनला फील्डची रुंदी आणि उंची द्या. तो तुम्हाला मजकूर ज्या रेषेवर बसतो तीच रेषा देतो. सूचना आणि खरा मजकूर मग एकाच पातळीवर येतात. फीचा रकाना उजवीकडून भरणारा असेल तर फॉन्टमेट्रिक्सने सूचनेची रुंदी मोजून तीही उजवीकडे न्या.

एवढं केलं आणि सूचना टोकदार, दातेरी दिसली तर घाबरू नका. स्विंग स्वतःचा मजकूर अक्षरं गुळगुळीत करून काढतं, आपला ड्रॉस्ट्रिंग तसं आपणहून करत नाही. देवनागरीत ते जास्त खुपतं, शिरोरेषा आणि वेलांट्या तुटक दिसतात. जावा ८ मध्ये टूलकिटकडून ‘एडब्ल्यूटी डॉट फॉन्ट डॉट डेस्कटॉपहिंट्स’ ही प्रॉपर्टी मागा, नल नसेल तर ती ग्राफिक्सला रेंडरिंग हिंट्स म्हणून जोडा. जावा ९ पासून बेसिकग्राफिक्सयुटिल्समध्ये कॉम्पोनंट घेणारा ड्रॉस्ट्रिंग उपलब्ध आहे, तो वापरला की कॉम्पोनंटच्याच पद्धतीने अक्षरं निघतात.

रंगासाठी गेटडिसेबल्डटेक्स्टकलर ही चांगली सुरुवात आहे. पण तो प्रत्यक्ष वापराच्या मॉनिटरवर बघा. अभ्यासिकेतला मॉनिटर जुना आहे आणि मागे खिडकी आहे, माझ्या लॅपटॉपवर सुंदर दिसणारी फिकट राखाडी अक्षरं काकांना दिसतच नव्हती. साध्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट असावा असा वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीचा दंडक आहे, डेस्कटॉपलाही तोच धरावा. तिरपी अक्षरं मी देवनागरीत टाळतो. आपल्या लिपीत इटॅलिक मुळात नाही, संगणक सरळ अक्षरं ढकलून तिरकी करतो आणि ती वाचायला त्रास होतो.

शेवटची एक गोष्ट सहज राहून जाते. पहिलं अक्षर टाइप झाल्यावर स्विंग पूर्ण फील्ड नव्याने रंगवेलच असं गृहीत धरू नका. जेवढा भाग बदलला तेवढाच रंगवणं ही त्याची पद्धत आहे. सूचनेची शेपटी मागे उरायला नको असेल तर डॉक्युमेंटलिसनर लावून त्यातून रिपेंट बोलवा. फोकस आल्यावर सूचना लपवायची असेल तर फोकसलिसनरमधूनही रिपेंट लागेल. फोकसलिसनर इथेही आला, पण त्याचं काम फक्त ‘पुन्हा रंगव’ एवढंच. तो मजकुराला हात लावत नाही. मी स्वतः फोकस आल्यावर सूचना लपवत नाही, पहिलं अक्षर पडेपर्यंत राहू देतो. काका टॅबने रकान्यात येतात, आणि आल्यावरच त्यांना तिथे काय लिहायचं ते बघायचं असतं.

नेटबीन्समध्ये हा क्लास बसवायचा

इनिटकॉम्पोनंट्स या मेथडमधला, नेटबीन्सने स्वतः लिहिलेला राखाडी पट्ट्यातला कोड संपादकात बदलता येत नाही. डिझाइनमध्ये फील्ड निवडा, प्रॉपर्टीजच्या कोड टॅबमध्ये ‘कस्टम क्रिएशन कोड’ आहे, तिथे तुमच्या क्लासचा न्यू लिहा. सूचना मात्र कन्स्ट्रक्टरमध्ये, इनिटकॉम्पोनंट्सच्या नंतर, साध्या कोडने द्या. म्हणजे ती एकाच ठिकाणी राहील. आणि डिझायनर नव्या फील्डमध्ये ‘जेटेक्स्टफील्ड१’ असा मजकूर आपणहून भरतो, तो आधी पुसा. मी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये हाच मजकूर ग्राहकाच्या पत्त्यात गेलेला बघितला आहे.

क्लास न लिहिता

तुमच्या प्रोग्रॅमला फ्लॅटलॅफ हा लुक अँड फील (स्विंगचं रूप बदलणारी लायब्ररी) चालत असेल तर क्लास लिहूच नका. फील्डवर पुटक्लायंटप्रॉपर्टी बोलवा, किल्ली ‘जेटेक्स्टफील्ड डॉट प्लेसहोल्डरटेक्स्ट’, किंमत तुमची सूचना. फ्लॅटलॅफ ती फक्त रंगवतो, डॉक्युमेंटला शिवत नाही. जावा ८ वर चालतो, लिहिता येणाऱ्या काँबोबॉक्सलाही लागू होतो. अट एकच, लुक अँड फील फ्लॅटलॅफचाच हवा. दुसरा लावला की ही प्रॉपर्टी कुणी वाचत नाही आणि सूचना गुपचूप नाहीशी होते, पण माहिती तरी बिघडत नाही. आज नवा फॉर्म करायचा असता तर मी हेच घेतलं असतं. स्विंगएक्स या जोड-लायब्ररीतही अशा सूचनेसाठी प्रॉम्प्टसपोर्ट आहे, जुन्या प्रोग्रॅममध्ये तो आधीपासून असेल तर राहू द्या.

स्विंगनंतर आलेल्या जावाएफएक्समध्ये सेटप्रॉम्प्टटेक्स्ट आयतं मिळतं आणि तेही मजकुरापासून वेगळं असतं. तिथली नेहमीची तक्रार म्हणजे पहिल्या फील्डची सूचना दिसत नाही. कारण मूळ मोडेना स्टाइलमध्ये फोकस असलेल्या फील्डच्या सूचनेचा रंग पारदर्शक केलेला आहे. स्टाइलशीटमध्ये फोकसच्या स्थितीसाठी प्रॉम्प्टचा रंग स्वतः दिला की दिसते.

मोबाइलचा रकाना

याला थोडा वेळ द्यावा लागतो. जेफॉर्मॅटेडटेक्स्टफील्डला मास्कफॉर्मॅटर लावून दहा आकडे मागितले असतील तर फील्ड तुम्हाला रिकामं दिसतं, पण आत दहा मोकळ्या जागा असतात. लांबी शून्य कधीच येत नाही आणि सूचना कधीच रंगत नाही. तिथे लांबीऐवजी गेटव्हॅल्यू नल आहे का ते तपासा आणि फील्डला फोकस नसतानाच सूचना रंगवा, नाहीतर टाइप करताना अक्षरांवर अक्षरं चढतील. मास्कफॉर्मॅटरमध्ये सेटप्लेसहोल्डर आणि सेटप्लेसहोल्डरकॅरॅक्टर अशी दोन नावं आहेत. नावावरून फसू नका, ती न भरलेल्या आकड्यांच्या जागी काय दाखवायचं त्याची आहेत. तिथे दिलेलं अक्षर खरोखर फील्डच्या मजकुरात बसतं.

मी शेवटी मास्क काढून टाकला. साधं फील्ड, त्याला फक्त आकडे आणि जास्तीत जास्त दहा असा डॉक्युमेंटफिल्टर, आणि वरून रंगवलेली सूचना. सूचना डॉक्युमेंटमध्ये नसल्यामुळे फिल्टर आणि तिची गाठच पडत नाही. मोठ्या पत्त्यासाठी जेटेक्स्टएरिया असेल तर तोच कोड चालतो, फक्त रेषा वरून मोजायची, इन्सेट्सचा टॉप अधिक फॉन्टचा असेंट.

सूचनेच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चित्रविचित्र अक्षरं दिसत असतील तर ते दुखणं वेगळं आहे. सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये आणि विंडोजवरचा कंपायलर दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये वाचतो आहे. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरलं जातं, त्याआधी कंपायलरला एन्कोडिंग सांगावं लागतं. प्रॉपर्टीज फाइलमधून मराठी वाचत असाल तर रिसोर्सबंडल जावा ९ पासूनच यूटीएफ-८ वाचतो. चौकोन दिसत असतील तर निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही.

एक आग्रह. सूचना हे लेबल नव्हे. पहिलं अक्षर पडलं की ती जाते, आणि फोन वाजला, कुणी मधेच काही विचारलं, की परत आल्यावर हा रकाना कशाचा होता ते आठवत नाही. प्रत्येक फील्डला शेजारी खरं जेलेबल ठेवा आणि सेटलेबलफॉरने ते जोडा, म्हणजे स्क्रीनरीडर वापरणाऱ्यालाही नाव ऐकू येईल. सूचनेत फक्त नमुना किंवा मदत लिहा.

बिघडलेल्या नोंदी

कोड सुधारला तरी डेटाबेसमध्ये आधी गेलेलं तसंच असतं. सगळ्यात आधी फाइलची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा. मग प्रत्येक मजकुराच्या कॉलममधली वेगवेगळी मूल्यं आणि त्यांची संख्या काढा, मोठी संख्या वर येईल अशी. एकच पालकाचं नाव वीसपंचवीस वेळा येत नाही, त्यामुळे सूचना लगेच वर तरंगते.

त्या नोंदी रिकाम्या करण्याची अट स्वतः टाइप करू नका. मी इनस्क्रिप्टने ‘दुसऱ्या पालकांचे नाव’ टाइप करून अपडेट चालवलं आणि शून्य ओळी बदलल्या, तोच पापणीचा र. क्वेरीच्या उत्तरात आलेलं मूल्य कॉपी करून अटीत टाका. रिकाम्या स्ट्रिंगऐवजी नल ठेवा आणि ओळखपत्राच्या कोडमध्ये नल असेल तर छपाईच अडवा.

गेलेलं ‘पुणे’ मात्र कुठल्याच क्वेरीने परत येत नाही. गाव रिकामं आहे म्हणजे पुणेच असेल असं समजून सरसकट भरायचा मोह मला झाला होता. पण काहींनी कागदी फॉर्मवरही गाव सोडलेलं असू शकतं. काकांकडे सगळे फॉर्म तारखेप्रमाणे फायलींत लावलेले होते. दोन संध्याकाळी आम्ही बसलो. ते फॉर्म काढून वाचायचे, मी भरायचो. पालकांचं नाव, गाव, जिथे कागदावरही नव्हतं तिथे मुलाला बोलावून विचारायचं. चौघांच्या फॉर्मवर गाव खरंच लिहिलेलं नव्हतं, त्यांतले दोघे परभणीचे निघाले.

शेवटचा फॉर्म नारायण पेठेतल्या मुलाचा होता. काकांनी वाचलं, “मूळ गाव, पुणे.” मी टाइप केलं, टॅब दाबून पुढे गेलो, शिफ्ट-टॅबने परत त्याच रकान्यात आलो. ‘पुणे’ जागेवर होतं. सेव्ह केलं, नोंद पुन्हा उघडली, तरी जागेवर होतं.